वाट चुकलेली ग्रंथी



आरोग्य तपासणीत एखाद्या मुलाच्या मानेत गाठ आढळली की घरचे घाबरून जातात. कोणी गंडमाळ म्हणतो, कोणी थेट कर्करोगाचे नाव घेतो. मुलांच्या मानेतील बहुतेक गाठी घशाच्या संसर्गाने सुजलेल्या असतात. पण क्वचित ती गाठ म्हणजे चुकीच्या जागी राहिलेली निरोगी ग्रंथी असते. तिची माहिती येथे देत आहोत.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. रोगजंतूंशी लढणाऱ्या ‘टी’ पेशी तिथे तयार होतात. तिचे महत्त्व जाक मिलर या शास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले. बालपणी ती मोठी असते व तारुण्यानंतर आक्रसत जाते. म्हणून मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असेही म्हणतात.

गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास ही ग्रंथी घशाच्या दोन्ही बाजूंना तयार होऊ लागते आणि मानेतून खाली सरकत छातीत पोहोचते. वाटेत तिचा एखादा तुकडा मागे राहिला, तर तो मानेत किंवा थायरॉइड ग्रंथीच्या आतही सापडतो. बहुधा त्याचा काही त्रास होत नाही.

खरी अडचण निदानाची आहे. सोनोग्राफीत थायमसमध्ये बारीक चमकदार ठिपके दिसतात, आणि थायरॉइडच्या एका कर्करोगातही तसेच ठिपके दिसू शकतात. सुईने पेशी काढल्या तर त्यांत लिम्फोसाइट पेशींची गर्दी असते. त्यामुळे लिम्फोमाची शंका येते. अशा वेळी जाणकार डॉक्टर छातीतील थायमसचीही सोनोग्राफी करून दोन्हींची तुलना करतात. दोन्ही सारखे दिसले तर बराच उलगडा होतो. तरीही शंका राहिली तर एमआरआय किंवा तुकड्याची तपासणी करतात.

शस्त्रक्रियेआधी तर छातीत थायमस आहे की नाही हे पाहावेच लागते. मानेतला तुकडा हाच एकमेव थायमस असेल, तर तो काढल्याने मुलाची रोगप्रतिकारशक्ती धोक्यात येऊ शकते.

चुकीच्या निदानाची किंमत मोठी असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य देशांत निरोगी बाळांचा मोठा थायमस हाच रोग समजून त्यावर क्ष-किरणांचे उपचार करीत. त्यांपैकी काही मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. हा संबंध १९५० च्या सुमारास डॉक्टरांच्या ध्यानात आला.

पालकांना आमची विनंती एवढीच : गाठ दोन-तीन आठवड्यांत गेली नाही, वाढू लागली, किंवा सोबत ताप असेल व वजन घटत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना अवश्य दाखवा. गंडमाळ असो वा कर्करोग, वेळीच ओळखलेला बरा. मात्र ऑपरेशन सुचवले गेले तर “हा थायमस तर नाही ना?” असे नम्रपणे विचारायला संकोच करू नका. विचारलेल्या प्रश्नाने कोणाचा अपमान होत नाही. हे आम्ही मुलांना वर्गात रोजच सांगतो.