गळत्या चार, दुखणं एक

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या पायरीवर आमचा छोटा दवाखाना भरतो. कुणाची शुगर, कुणाचा खोकला, कुणाचं बाळंतपणाचं कार्ड. मागच्या उन्हाळ्यात लालबागच्या एका जुन्या चाळीतल्या ताई आल्या, त्या मात्र घराचं दुखणं घेऊन. "सिस्टर, मोरीतला नळ गळतोय, पिंपावरचा कॉक गळतोय, भिंतीला ओल आलीय. खाली गटाराजवळचा पाइपसुद्धा ठिबकतोय. सगळं एका आठवड्यात! तीनदा प्लंबर आला, तीनदा पैसे गेले."

आम्ही नर्सिंगमध्ये शिकलो तोच प्रश्न विचारला. हे कधीपासून? आणि त्याआधी काय बदललं? ताईंनी जरा आठवून सांगितलं, "चाळीनं गच्चीवर टाकी बसवली. खाली पंपही नवा."

ताप, अंगदुखी आणि डोकेदुखी एकाच दिवशी सुरू झाली तर आपण तीन आजार धरत नाही, एकच कारण शोधतो. पाइपांचंही तसंच आहे.

एकदम गळायला का लागतं?

पहिलं कारण दाब. पाणी १० मीटर उंचीवरून खाली येतं तेव्हा त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो असतो. ताईंच्या पहिल्या मजल्यावर पूर्वी थेट लाइनचं पाणी कसंबसं चढायचं. आता तेच जुने पाइप आणि तेच झिजलेले वॉशर गच्चीवरच्या टाकीचा दाब दिवसभर सोसत होते. जो सांधा आधीच कच्चा होता, तो बोलू लागला. चाळ पाडून उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये हे आणखी वाढतं. तिथं टाकीपासून खालच्या मजल्यापर्यंत ६० मीटर उंची असली तर दाब ६ किलो होतो. म्हणून मध्ये दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो बिघडला की खालच्या मजल्यांवर घरोघरी एकाच आठवड्यात नळ गळू लागतात.

दुसरं कारण ठोका. नळ झटकन बंद केला किंवा पंप अचानक थांबला की पाइपातून 'ठक्' असा आवाज येतो. वाहतं पाणी एकदम अडल्यामुळे तो धक्का बसतो आणि सांधे सैल होतात.

तिसरं कारण वय. एकाच वर्षी बसवलेले जीआय पाइप साधारण एकाच सुमाराला गंजतात. त्यात एक तुकडा नवा घातला आणि प्लंबरनं पान्ह्यानं जोर लावला, की शेजारचा गंजलेला एल्बो हलतो. 'एक दुरुस्त केलं, दुसरं सुरू झालं' असं होतं ते बऱ्याचदा यामुळे.

चौथी गोष्ट म्हणजे भिंतीची प्रत्येक ओल नळाच्या पाण्याची नसते. वरच्या खोलीतली मोरी, सांडपाण्याचा पाइप किंवा पावसाळ्यात बाहेरची भेग यांतूनही ती येते.

प्लंबर बोलवण्याआधी

१. वहीत लिहा. कोणती गळती कुठल्या दिवशी दिसली आणि त्या सुमाराला इमारतीत काय काम झालं ते टिपा. शेजारच्या आणि खालच्या खोलीतही विचारा. त्यांच्याकडेही तेव्हाच सुरू झालं असेल तर कारण तुमच्या घरात नाही.

२. वेळ बघा. पाणी आल्यावरच ठिबकत असेल तर पाइप दाबाखालचा आहे. वरच्यांची आंघोळ झाल्यावर ओल वाढत असेल तर मोरी किंवा सांडपाणी. पावसातच वाढत असेल तर भिंत.

३. रात्री सगळे नळ बंद करून टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर पेन्सिलनं खूण करा. रात्रभरात पाणी आलेलं नसताना आणि कुणी वापरलेलं नसताना सकाळी पातळी उतरलेली दिसली, तर कुठेतरी छुपी गळती आहे.

४. पाइप कोरड्या फडक्यानं पुसा आणि वरून खाली एकेका सांध्याला कागदाचा तुकडा लावत या. पाणी पाइपावरून ओघळत खाली येतं. त्यामुळे ठिबकतं तिथंच भोक असेल असं नाही. कागद पहिल्यांदा जिथं ओला होतो, तिथं गळती.

५. फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेलाय.

थेंबाला क्षुल्लक समजू नका. सलाईनच्या साध्या सेटमध्ये २० थेंबांचा १ मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाचे ८६,४०० थेंब होतात, म्हणजे ४ लिटरहून जास्त. नळाचा थेंब तर सलाईनच्या थेंबापेक्षा मोठा असतो.

वॉशर बदलणं आणि टेफ्लॉन टेप गुंडाळणं घरीही जमतं. पण ओल स्विचबोर्डजवळ असेल तर हात लावू नका. कोरड्या जागी उभं राहून मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा.

गळती दोन्ही बाजूंनी चालते

आता ही गोष्ट आरोग्याच्या पानावर का, ते सांगतो. मुंबईचं बहुतेक पाणी भांडुपला शुद्ध होऊन येतं. पण आपल्या वस्त्यांत ते दिवसाचे ठरावीक तासच असतं. पाणी चालू असताना पाइपाच्या भोकातून पाणी बाहेर येतं. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो, आत ओढ तयार होते, आणि त्याच भोकातून बाहेरचं पाणी आत शिरतं. बाहेर गटार असेल तर गटाराचं. कुणी थेट लाइनला पंप लावला असेल तर ही ओढ आणखी वाढते.

हुबळी-धारवाडमध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाणी आणि बाकी वॉर्डांत अधूनमधून, अशी व्यवस्था होती. संशोधकांनी दोन्हीकडचे नमुने तपासले. अधूनमधून येणाऱ्या पाण्यात विष्ठेतले जंतू कितीतरी जास्त वेळा सापडले. पाणी सुटल्याबरोबर येणारी पहिली धार जास्त खराब निघाली.

ताईंच्या घरी नेमकं उलटं चाललं होतं. ज्या तीन गळत्यांनी घर ओलं केलं, त्या तिन्हींवर पैसे खर्च झाले. चौथी गळती गटाराशेजारच्या, रस्त्यावरून चाळीत येणाऱ्या पाइपाची. टाकीच्या कामात तो जुना पाइप हलला होता. ते पाणी कुणाच्या घरात येत नव्हतं, म्हणून कुणाला घाई नव्हती. पण अख्ख्या चाळीचं पिण्याचं पाणी तिथूनच येत होतं.

म्हणून लक्षात ठेवा, सर्वात जास्त गळणारा पाइप आधी नाही. गटाराला सर्वात जवळचा पाइप आधी.

कावीळ उशिरा येते

अशा पाण्यातून जुलाब काही तासांत किंवा दोन-चार दिवसांत दिसतात. टायफॉइडला बहुधा एक ते तीन आठवडे लागतात. 'अ' आणि 'ई' प्रकारच्या काविळीला साधारण दोन ते सात-आठ आठवडे लागतात. डोळे पिवळे होतात तेव्हा गळती बुजवून महिना झालेला असतो. मग दोष वडापावच्या गाडीला दिला जातो, पाइप कुणाला आठवत नाही. वहीत तारीख लिहायला सांगतो ती यासाठीही.

'ई' कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. पण गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर जिवाला मोठा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार अशा १०० बायांमागे २० ते २५ दगावू शकतात. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. त्यामुळे गळती दिसली की चाळीत गरोदर कोण आहे ते आधी बघा आणि तिच्या घरी पाणी उकळायला त्याच दिवशी सांगा. तिला मळमळ, गडद लघवी, डोळ्यांत पिवळेपणा दिसला तर झाडपाला किंवा गंडा यात दिवस घालवू नका. तडक सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्या.

दुरुस्ती होईपर्यंत

पहाटे पाणी आलं की पहिली धार पिण्यासाठी भरू नका. ती बादलीत धरून लादी पुसायला, संडासात ओतायला वापरा. पाणी गढूळ असेल तर फडक्यानं गाळा, मग खळखळून उकळू द्या. गॅस परवडत नसेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या मापानं टाकून अर्धा तास थांबा. गळतीखाली ठेवलेली बादली आणि पिंपं आठवड्यातून एकदा रिकामी करून कडा घासून काढा. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती अंडी कोरड्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने टिकतात.

दाद कुठे मागायची

खोलीतला पाइप आपला, इमारतीत येणारी जोडणी सगळ्यांची मिळून, रस्त्यातली मुख्य वाहिनी महापालिकेची. लाइनचं पाणी गढूळ किंवा वासाचं आलं, अथवा रस्त्यावर गळती दिसली, तर १९१६ वर तक्रार करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. परळ-लालबागला एफ दक्षिण, दादर पश्चिमेला जी उत्तर, गिरगावच्या बऱ्याच भागाला डी विभाग कार्यालय. अर्ज एकट्याच्या नावानं देऊ नका, मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या. सोबत पाण्याचा नमुना तपासण्याची लेखी मागणी करा.

ताईंच्या चाळीत पुढच्या रविवारी बैठक झाली. खोलीमागे वर्गणी काढून गटाराशेजारचा पाइप बदलला आणि नवा पाइप गटारापासून दूर, जमिनीच्या वरून नेला. मजल्यांवर येणाऱ्या पाइपाला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवला. ताईंनी दोन वॉशर स्वतः बदलले. भिंतीची ओल मात्र वरच्या मोरीची निघाली. ती वेगळी होती. तळमजल्यावर सातव्या महिन्याची एक सून होती. तिच्याकडे सव्वा महिना आम्ही आलटून पालटून जात राहिलो, रोज डोळे बघत राहिलो. ती सुखरूप बाळंत झाली.

तुमच्या इमारतीत पाणी आत येणारा पाइप कुठून येतो, ते तुम्हाला माहीत आहे का? उद्या सकाळी पाणी भरून झालं की खाली उतरून एकदा बघून या.