वावरात निघालेला दगड सांगावा की लपवावा?

वर्धा : थंडी पडली आणि कापसाचा पहिला वेचा घरात आला की आपल्या तालुक्यांत इतिहासाच्या कार्यक्रमांना सुरुवात होते. १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह. शाळेत, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये, नाहीतर देवळाच्या सभामंडपात बॅनर लागतो. शहरातून कोणी प्राध्यापक येतात, शाल-श्रीफळ होते, तासभर भाषण होते. विषय ठरलेलाच असतो, आपल्या परिसराचा प्राचीन इतिहास.

बातमीसाठी म्हणून मी अशा कार्यक्रमांना बरीच वर्षं जातो आहे. बातमी चार ओळींची होते. मान्यवरांची नावं, एक फोटो, आभार कोणी मानले. पण एक गोष्ट त्या चार ओळींत कधी आली नाही. भाषण संपून चहा सुरू झाला की एखादा कास्तकार वक्त्याजवळ जातो आणि हळूच विचारतो, "सर, वावरात काही निंघालं तं वावर जाते का हो?"

मागच्या हंगामात एका गावात हेच झालं. सरांना पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. "तसं काही नसतं काका," म्हणून ते गाडीत बसले. काका माझ्याकडे वळले. "तुम्ही पेपरवाले, तुमाले तरी मालूम असन." मला मालूम नव्हतं. म्हणून हा लेख.

आधी एक घरची गोष्ट सांगतो. आमच्या विहिरीचं काम चाललं होतं तेव्हा दहा-बारा फुटांवर एक कोरीव दगड निघाला. पानाफुलांची नक्षी, एका बाजूला कोणाचातरी पाय. वडिलांनी एका कार्यालयात जाऊन तोंडी सांगितलं. तिथून कोणी आलं नाही. दोन वर्षं तो दगड मोटारीजवळ पडून होता, आम्ही त्यावर कपडे धुतले. एक दिवस सकाळी पाहिलं तर जागेवर नव्हता. कोणी नेला हे आजवर कळलं नाही. त्याचा एक फोटोसुद्धा आमच्याजवळ नाही.

जांबचा ताम्रपट

आपल्या जिल्ह्याचा जुना इतिहास कळला तो बराचसा अशाच अचानक निघालेल्या वस्तूंमुळे. तेव्हाच्या हिंगणघाट तालुक्यातल्या जांब गावी १९४० साली तांब्याचे पत्रे सापडले. कडीत ओवलेले, संस्कृतात लिहिलेले. अक्षरांच्या डोक्यावर छोट्या चौकटी, म्हणजे डब्यासारखं डोकं. वाकाटक राजांच्या काळची लिपी अशी दिसते. विद्वान वासुदेव विष्णु मिराशी यांनी ते वाचले. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने राज्याच्या दुसऱ्या वर्षी कोथुरक नावाचं गाव दान दिलं, असा तो लेख निघाला. काळ इसवी सनाचं पाचवं शतक. म्हणजे सोळाशे वर्षांपूर्वीचा सातबाराच म्हणा.

खरेदीखतात चतु:सीमा असते तशी त्यातही आहे. कोथुरकच्या आजूबाजूची गावं दिली आहेत. त्यातलं मंडुकिग्राम म्हणजे आजचं वेणा नदीकाठचं मांडगाव आणि चिंचापल्ली म्हणजे चिचोली, असं मिराशींनी जुळवलं. मंडुक म्हणजे बेडूक. मांडगावच्या मंडळींनी राग मानू नये, पण एवढ्या वर्षांत राजे गेले, भाषा बदलली आणि बेडकाचं गाव आपल्या नावानिशी तिथंच राहिलं. कोथुरक मात्र नावानं उरलं नाही.

वाकाटकांच्या अशा ताम्रपटांत एक भाग नेहमी येतो. दान दिलेल्या गावाला कोणकोणत्या गोष्टी माफ, त्याची यादी. गावानं अधिकाऱ्यांना गाईबैल द्यायचे नाहीत, फुलं आणि दूध द्यायचं नाही. चारा, बसायला कातडी, कोळसा द्यायचा नाही. सैनिकांनी गावात शिरायचं नाही. वेठबिगार माफ. आता याचा उलटा अर्थ लावून पाहा. ज्या गावाला माफी नव्हती, त्याला हे सगळं द्यावं लागत होतं. साहेबाचा दौरा आला की कोंबडी कोणाच्या घरची जाणार, हा प्रश्न त्या काळीही वेगळ्या रूपात होताच. राजाच्या पदव्या सांगताना लोक मागच्या दारातून निघून जातात ते मी पाहिलं आहे. हे सांगितलं तर कोणी उठणार नाही असं मला वाटतं.

त्याच यादीत आणखी दोन शब्द असतात, 'सनिधि' आणि 'सोपनिधि'. म्हणजे जमिनीत पुरलेलं धन आणि ठेव यांच्या हक्कासकट गाव दिलं. काकांनी चहा पिता पिता विचारलेला प्रश्न राजाच्या कारकुनालाही पडला होता, आणि त्यानं तो लिहून मिटवला.

ताम्रपट नेहमी जागेवरच राहतात असंही नाही. प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. नवरा वारल्यावर मुलं लहान म्हणून राज्य तिनं चालवलं. तिचा एक ताम्रपट पुण्यातल्या एका तांबट घराण्याकडे मिळाला. त्यात दान दिलेलं दंगुण गाव म्हणजे आपलं हिंगणघाट, असं मिराशींचं मत. हिंगणघाटचा कागद तांबटाच्या घरी पुण्याला! भट्टीत गेला नाही हे नशीब. अमरावती जिल्ह्यात अचलपूरजवळच्या चम्मक गावचा ताम्रपट तर नांगरटीतच वर आला. आणि देवळीचा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, शके ८६२ म्हणजे इसवी सन ९४० चा. त्यात नागपूर हे नाव नंदिवर्धनासोबत येतं. नागपूरकरांना आपल्या शहराच्या नावाचा जुना पुरावा दाखवायचा असला तर देवळीचं नाव घ्यावं लागतं, ही गोष्ट देवळीत किती जणांना माहीत आहे?

पवनार राजधानी होती का?

पवनारला धाम नदीकाठी जुनं टेकाड आहे. १९३८ मध्ये विनोबा तिथं राहायला आले आणि आश्रमाच्या जमिनीत खोदताना मूर्ती निघाल्या. भरत-राम भेटीची मूर्ती त्यातलीच, आजही आश्रमात आहे. १९६७ मध्ये शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी नागपूर विद्यापीठातर्फे पवनारला उत्खनन केलं, तेव्हा एकावर एक अशा अनेक काळांच्या वस्तीचे थर मिळाले. ताम्रपटांत प्रवरपूर या राजधानीचं नाव येतं. ते प्रवरपूर म्हणजे पवनार, असं मिराशींनी मांडलं. नाव जुळतं, मूर्ती सापडल्या, आणि प्रवरसेनाच्या नावावर असलेलं 'सेतुबंध' हे काव्यही रामकथेचंच. ते काव्य महाराष्ट्री प्राकृतात आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा जाहीर झाला, त्या मराठीची ही आजी.

आता दुसरी बाजू. नागपूर जिल्ह्यात रामटेकजवळ मनसर येथे १९९८ पासून उत्खनन झालं. तिथं मोठ्या वास्तूचे अवशेष आणि प्रवरेश्वर हे नाव असलेल्या मुद्रा मिळाल्या. त्यामुळे प्रवरपूर म्हणजे मनसर, असं म्हणणारे अभ्यासक आहेत. डच अभ्यासक हान्स बाकर त्यातले एक. वाद मिटलेला नाही.

आपल्याकडच्या भाषणात ही दुसरी बाजू सांगत नाहीत. मी एकदा एका वक्त्याला विचारलं तर म्हणाले, गावकऱ्यांचा हिरमोड कशाला करायचा. मला हे पटत नाही. भावाच्या वादात दोन्हीकडचं ऐकून निकाल देणारे लोक आपण, मोजणीच्या नकाशावर तासन्‌तास भांडतो. राजधानीचा वाद आपल्याला समजणार नाही? उलट वाद आहे म्हटल्यावरच माणूस विचारतो, मग ठरणार कशावरून? आणि ते ठरणार आपल्या वावरातल्या मातीवरून, खापरावरून, एखाद्या मुद्रेवरून. नंदिवर्धन म्हणजे रामटेकजवळचं नगरधन, तिथल्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेचं नाव असलेली मातीची मुद्रा मिळाली. हातात मावेल एवढी. ढेकूळ समजून फोडली असती तर गेलीच असती.

आपण काय काय फोडतो त्याचा हिशेब नाही. जुन्या गावठाणाच्या टेकाडाची पांढरी माती ट्रॉलीनं वावरात टाकतात, घर लिंपायला नेतात. त्या पांढरीतच जुन्या घरांची राख, खापरं, मणी असतात. आर्वी भागात खैरवाडा इथं आणि विदर्भात कितीतरी ठिकाणी दगडांची मोठी वर्तुळं आहेत. ती लोहयुगातल्या लोकांची दफनं आहेत, इसवी सनाच्याही काही शतकं आधीची. नागपूरजवळच्या जुनापाणीच्या वर्तुळांवर रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८७९ मध्ये लिहिलं. तो होता कापूस खात्याचा आयुक्त. कापूस पाहायला आलेल्या माणसाला दगड दिसले आणि आपल्याला त्या दगडांत फक्त धुऱ्याचा भराव दिसतो. जेसीबी आल्यापासून तर एका दुपारचं काम.

वावर जाते का?

आता काकांचा प्रश्न. एक कायदा आहे १८७८ चा, भारतीय निखात निधी कायदा. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं कलेक्टरला लेखी कळवायचं. काय मिळालं, कुठं, कधी. कळवलं नाही तर आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कळवलं आणि मूळ मालक कोणी निघाला नाही तर त्यावर सापडणाऱ्याचा हक्क धरला आहे. जमीन दुसऱ्याची असेल आणि आपसात ठरलेलं नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याला, एक जमीनमालकाला. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असली तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा, असं त्यात लिहिलं आहे. हा कायदा वस्तूचा आहे. त्यानं वावर जात नाही.

पण भीती अगदीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. जागा राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून संरक्षित झाली तर १९५८ चा कायदा लागतो. त्या हद्दीत घर, विहीर, खाणकाम बंद. भोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत परवानगी लागते. सरकार मोबदला देऊन जमीन घेऊही शकतं. मात्र असं एका मूर्तीवरून एका रात्रीत होत नाही. आधी अधिसूचना निघते आणि हरकतीसाठी दोन महिने मिळतात. शेती करायला बंदी नाही, फक्त खोदाई एक फुटाच्या आत पाहिजे. वखर, डवरणी, पेरणी चालते. ट्रॅक्टरची खोल नांगरटी अडते. हे स्पष्ट सांगितलं तर माणूस विचार करतो. "तसं काही नसतं" म्हटलं तर तो दगड रातोरात विहिरीत जातो.

सापडलेली वस्तू विकायचा विचार डोक्यात येत असेल तर १९७२ चा कायदाही आहे. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरते, परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. गावात फिरणारा 'जुनं पितळ-तांबं घेणारा' हे सांगत नाही.

आष्टीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथला इतिहास जमिनीत नाही, घराघरात आहे. १६ ऑगस्ट १९४२ ला नागपंचमी होती. त्या दिवशी पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला, गावकरी मेले आणि पोलिसही मारले गेले. गावाच्या नावाला 'शहीद' शब्द लागला. त्याच महिन्यात तुकडोजी महाराजांनाही अटक झाली. आष्टीत स्मरण होतं ते नागपंचमीला, म्हणून तारीख दरवर्षी सरकते. भाषणं होतात, हार घातले जातात. पण तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज नव्वदी ओलांडून गेलं. तिथं शहरातून वक्ता आणण्याआधी अशा घरांत मोबाईल घेऊन बसावं आणि नातवानं प्रश्न विचारावे. गोळीबाराच्या दिवशी सणाचा स्वयंपाक काय होता, बाया कुठं लपल्या, नंतर पोलिसांनी घरात काय केलं. दगड शंभर वर्षं थांबतो. आजीचं तसं नाही.

कार्यक्रम करणाऱ्या मंडळींना माझी एवढी विनंती आहे. शालीचा खर्च थोडा कमी करा. दवंडीत सांगा की ज्याच्या घरी, वावरात, देवळात काही जुनं असेल त्यानं मोबाईलमध्ये फोटो घेऊन यावं. वस्तू हलवू नका. बाजूला एक पट्टी किंवा माचीस ठेवा म्हणजे आकार कळतो. शेंदूर फासलेला असेल तर खरवडू नका, तसाच फोटो घ्या. वक्त्याचा अर्धा तास भाषणाचा आणि अर्धा तास त्या फोटोंचा. आणि कोणीतरी गट नंबर वहीत लिहून ठेवा. आमच्या मोटारीजवळच्या दगडाचं कुठंही एक ओळ लिहिलेलं असतं तर चोरीची तक्रार तरी देता आली असती.

हे सगळं समजून घेऊन मी त्या काकांकडे परत गेलो. त्यांच्या ओसरीत बसून एक फूट, दोन महिने, पाचवा हिस्सा, सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं, मुलाला बोलावून तिसऱ्यांदा ऐकवलं. वावरात काय निघालं आहे ते अजूनही दाखवलं नाही. म्हणाले, "अर्ज तुमीच लिहून द्या. दोन प्रती करा. एकीवर शिक्का घिऊ, मंग दाखवतो."