कासवाचं पिल्लू ‘वेगळ्याच’ रंगाचं निघालं तर

मार्च महिन्यात दिवेआगरला किंवा हरिहरेश्वरला पहाटे उठून किनाऱ्यावर गेलात, तर हॅचरीच्या जाळीभोवती घोळका दिसतो. कासवमित्र घरट्यावरची टोपली उचलतो. खाली चार सेंटिमीटरची पिल्लं वाळू झटकत एकमेकांच्या अंगावर चढत असतात. आणि घोळक्यातून हमखास प्रश्न येतो, “ऑलिव्ह रिडले ना ही? मग हिरवट कुठंयत? ही तर काळी!”

त्याच पिल्लाकडे जरा नीट पाहा. कोरड्या वाळूवर ते राखाडी दिसतं. पहिली लाट अंगावरून गेली की काळं कुळकुळीत होतं. पाच मिनिटांत एकाच पिल्लाचे दोन रंग! ज्या रंगावरून या जातीला नाव मिळालं, तो ऑलिव्हसारखा हिरवट रंग मोठ्या कासवाचा. तो यायला वर्षं जातात.

पिल्लाच्या रंगाबद्दलचे निम्मे गैरसमज इथेच जन्मतात. पिल्लू आपल्या हातात असतं आणि डोक्यात असतं मोठं कासव. घरात पाळलेल्या कासवाचं अंडं फुटलं की हाच घोळ होतो. स्टार कासवाचंच घ्या. मोठ्याच्या काळ्या पाठीवर पिवळ्या रेघांच्या चांदण्या असतात. नुकतं निघालेलं पिल्लू मात्र बरंचसं पिवळट असतं. त्यावर काळे डाग असतात आणि चांदणीचा पत्ता नसतो. म्हणून ते ‘दुसऱ्याच जातीचं’ किंवा ‘अपुऱ्या दिवसांचं’ ठरवलं जातं. खरं तर कवचाच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध जन्मावेळचा तुकडा तसाच राहतो आणि वाढ त्याच्या कडेकडेने होते. त्या नव्या कड्यांमध्ये पिवळ्या रेघा लांबत जातात. चांदणी पूर्ण व्हायला कासवाला वाढावं लागतं, एवढंच.

मग खरोखर वेगळ्या रंगाचं पिल्लू नसतंच का? असतं. जुलै 2020मध्ये ओडिशातल्या बालासोर जिल्ह्यातल्या सुजानपूर गावात गोड्या पाण्यातलं फ्लॅपशेल कासव सापडलं. अंग हळदीसारखं पिवळं, डोळे गुलाबी. पुढच्याच महिन्यात नेपाळच्या धनुषा जिल्ह्यात एक सोनेरी फ्लॅपशेल मिळालं आणि विष्णूचा अवतार म्हणून लोक दर्शनाला आले. ऑक्टोबरमध्ये पश्चिम बंगालमधल्या बर्धमानहून तशीच बातमी आली. करोनाच्या त्या वर्षात अशा बातम्यांना शुभ-अशुभाचे अर्थ चिकटले नसते तरच नवल. आपल्याकडे शंकराच्या देवळात नंदीजवळ दगडी कासव असतंच, त्यामुळे हात आपोआप जोडले जातात. त्याला माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या कासवाला परातीत ठेवून हळदकुंकू वाहण्याला.

या पिवळेपणाचं कारण साधं आहे. कासवाच्या कातडीत रंगाच्या पेशी एकाच प्रकारच्या नसतात. काही काळा-तपकिरी रंग बनवतात, काही पिवळा. एखाद्या जनुकातल्या बिघाडामुळे काळा रंग तयारच झाला नाही, तर खालचा पिवळा उघडा पडतो. म्हणून माणूस किंवा उंदीर रंगहीन झाला की पांढरा दिसतो आणि फ्लॅपशेल पिवळंधमक. डोळ्यांतही काळा रंग नसेल तर ते गुलाबी दिसतात. कातडी फिकी, पण डोळे काळे, असा दुसरा प्रकारही असतो. नेपाळचं कासव अभ्यासकांनी त्यात मोडलं होतं. असा दोष बहुधा आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो, म्हणून तो दुर्मिळ. त्यात दैवी काही नाही आणि तो संसर्गाने पसरणारा रोगही नाही. मात्र असं पिल्लू घारीला, कावळ्याला लांबूनच दिसतं आणि ऊनही त्याच्या डोळ्यांना सोसत नाही.

“फिकं ते मादी, गडद ते नर” असंही छातीठोकपणे सांगितलं जातं. ऑलिव्ह रिडलेचं लिंग वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण 29-30 अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. रंगाचा त्याच्याशी संबंध नाही. पाठीवरचे खवले मोजून “याला एक जास्त आहे, विकृत आहे” म्हणणारेही भेटतात. ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर दोन्ही बाजूंना पाचापासून नवापर्यंत कितीही खवले असू शकतात, डावीकडे सहा आणि उजवीकडे सात असेही.

काही रंग मात्र खरंच काळजीचे असतात, आणि नेमके तेच दुर्लक्षित राहतात. पोटाकडच्या कवचावर लालसर झाक पसरत गेली, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यावी. कवच फिकं पडत चाललंय आणि आठवडे उलटूनही दाबलं की खचतंय, तर कॅल्शियम आणि उन्हाची कमतरता असण्याची शक्यता मोठी. (नुकत्याच जन्मलेल्याचं कवच थोडं मऊ असणारच, ते दाबून पाहू नये.) “रोज खिडकीत ठेवतो की!” हे उत्तर ठरलेलं. पण हाडांसाठी लागणारे किरण काच अडवते. काचेतून ऊब मिळते, ऊन नाही. कवचाला चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळणं किंवा त्यावर रंगाने नाव लिहिणं हेही थांबवावं. कवच म्हणजे पाठीवर ठेवलेलं झाकण नव्हे. बरगड्या आणि कणा त्यातच जुळलेले असतात आणि त्याला स्पर्श कळतो.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं, डोळ्यांमागे लाल पट्टी असलेलं हिरवंगार ‘चायनीज’ कासव हे मूळचं अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. वाढत्या वयात त्याचा हिरवा रंग मावळतो आणि म्हातारे नर तर काळपट होतात. आजारी पडलं किंवा नकोसं झालं म्हणून ते गावच्या तळ्यात सोडलं जातं. तिथे ते पंचवीस-तीस सेंटिमीटरचं होतं आणि देशी कासवांच्या तोंडचा घास पळवतं. जगातल्या सर्वात उपद्रवी परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. तळ्यात सोडणं हे पुण्य नाही.

राहिला सर्वात महागात पडणारा गैरसमज: “विकत आणलेलं नाही, घरातच अंड्यातून निघालं, म्हणजे आपलंच.” वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या ‘प्राणी’ या व्याख्येत पिल्लंही येतात आणि सरपटणाऱ्यांची अंडीही. स्टार कासव, फ्लॅपशेल आणि ऑलिव्ह रिडले पहिल्या अनुसूचीत आहेत. ती बेकायदा बाळगली तर शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. 2019पासून स्टार कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आहे. कोकणात ते निसर्गतः आढळत नाही. रायगडातल्या घरात दिसलं, तर ते कुणीतरी दुसऱ्या राज्यातल्या रानातून उचलून आणलेलं असण्याची शक्यताच जास्त. वेगळ्या रंगाच्या पिल्लाचा फोटो गावभर फिरवलात की पहिला फोन भाव विचारणाऱ्याचा येतो.

तेव्हा फोटो पाठवण्याआधी वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनला फोन करा. माणसं येईपर्यंत पिल्लू हवा खेळत राहील अशा खोक्यात, सावलीत ठेवा. पाण्याच्या बादलीत टाकू नका. समुद्री कासवाचं पिल्लू त्यात पोहून पोहून दमतं, आणि स्टार कासवाला पोहता येत नाही, ते बुडतं.