खेकड्याच्या नावाचा रोग

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीस देशात हिपॉक्रेटिस नावाचा एक थोर वैद्य होऊन गेला. काही रोग्यांच्या अंगावरील कठीण गाठी आणि त्यांच्या भोवती चहूकडे पसरलेल्या फुगीर शिरा पाहून त्याला पाय पसरून बसलेल्या खेकड्याची आठवण झाली असावी. त्या रोगाला खेकड्याचेच नाव मिळाले. संस्कृतात खेकड्याला कर्क म्हणतात. आपल्या भाषेतील 'कर्करोग' हा शब्द त्या जुन्या ग्रीक नावाचेच रूपांतर होय. मात्र भारतीय वैद्यांना या रोगाची ओळख ग्रीकांकडून करून घ्यावी लागली, असे मुळीच नाही. सुश्रुतसंहितेत 'अर्बुद' या नावाने अशा गाठींचे वर्णन आले आहे. अर्बुद हळूहळू वाढते, खोल मूळ धरते व सहसा पिकत नाही, हे तर तेथे नोंदवलेच आहे. पण काढताना त्याचा थोडासा अंश जरी मागे राहिला, तरी ते लवकरच पुन्हा वाढते, असाही इशारा दिला आहे. आजच्या शस्त्रवैद्याला या इशाऱ्यात फारशी दुरुस्ती करावी लागणार नाही.

रोग जुना, तशी त्याची भीतीही जुनी. अनेक घरांत आजही त्याचे नाव मोठ्याने उच्चारले जात नाही. 'तो रोग' किंवा 'ते दुखणे' असे हलक्या आवाजात म्हटले जाते. कोणी त्याला मागच्या जन्मीचे पाप समजतो, तर कोणी रोग्याचे ताटवाटी वेगळे काढून ठेवतो. या दोन्ही समजुती खोट्या आहेत. कर्करोग हा शाप नव्हे आणि रोग्याजवळ बसल्याने, त्याच्या पंक्तीस जेवल्याने किंवा त्याचे कपडे धुतल्याने तो दुसऱ्यास होत नाही. परंतु खोट्या समजुतीचे परिणाम मात्र खरे असतात. भीतीने माणूस गाठ लपवतो, लपवलेली गाठ वाढत राहते, आणि शेवटी तो वैद्याकडे जातो तेव्हा वैद्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते. या रोगाने जितकी माणसे नेली, त्यांपैकी कितीतरी खरे पाहता या विलंबाने नेली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा रोग होतो तरी कसा? आपले शरीर अतिसूक्ष्म पेशींचे बनलेले आहे. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे तीस लाख कोटी पेशी असतात. जुन्या पेशी मरतात आणि एका पेशीच्या दोन होऊन त्यांची जागा भरून निघते. बोटाला चाकू लागला, तर जखमेच्या काठावरील पेशी भराभर वाढतात. मात्र दोन्ही काठ एकमेकांस मिळाले की ही वाढ आपोआप थांबते. कोठे थांबावे याची आज्ञा प्रत्येक पेशीच्या अंतर्भागातच लिहिलेली असते. काही कारणाने या लिखाणात बिघाड होतो. एकेक करून असे अनेक बिघाड साचले म्हणजे पेशी आज्ञा जुमानीत नाही. ती वाढतच राहते व तिच्यापासून झालेल्या पेशीही तशाच बेबंद निघतात. शेतकऱ्याला हरळीचा अनुभव असतो. वरचे गवत कितीही खुरपले, तरी जमिनीखालील मुळीचा एखादा तुकडा राहिला की हरळी पुन्हा फुटते, आणि नांगराच्या फाळाबरोबर तो तुकडा दुसऱ्या वाफ्यात गेला तर तेथेही रुजते. कर्करोगाच्या पेशीही अशाच रक्तावाटे अथवा लसीकावाहिन्यांवाटे दूरच्या अवयवात जाऊन तेथे नवी गाठ निर्माण करतात. मात्र हरळी एकाच जातीची असते. कर्करोगाचे शंभरांहून अधिक प्रकार आहेत. प्रत्येकाची चाल वेगळी व उपायही वेगळा.

पेशीत असा बिघाड घडवून आणणारी सर्वच कारणे माणसाच्या हातची नाहीत. वाढते वय हे एक मोठे कारण आहे. काही थोड्या कुटुंबांत त्याचा कल आनुवंशिक असतो. कोणतेही व्यसन नसलेल्या माणसाला व लहान बालकांनाही हा रोग होतो. म्हणून रोग्याला 'तुझेच काहीतरी चुकले असेल' असे म्हणणे क्रूरपणाचे आहे. परंतु काही कारणे अगदी माणसाच्या चालीरीतींत दडलेली असतात, आणि त्यांचा शोध कसा लागला ही हकिकत मोठी उद्बोधक आहे.

इंग्लंडमध्ये पूर्वी घराची धुराडी साफ करण्यासाठी लहान मुलांना त्यांत चढवीत. पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने १७७५ मध्ये दाखवून दिले, की ही मुले मोठी झाल्यावर त्यांच्यात त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग वारंवार आढळतो आणि अंगाच्या वळ्यांत साचून राहणारी काजळी हे त्याचे कारण होय. युरोपातील इतर काही देशांत हेच काम करणारे लोक अंगभर घट्ट पोशाख घालीत व रोज स्नान करीत. त्यांच्यात हा रोग क्वचितच दिसे. केवळ अंग धुण्याने टळणारा कर्करोग! आपल्याकडे काश्मीरमध्ये कडक थंडीत लोक निखाऱ्यांनी भरलेली कांगडी अंगरख्याच्या आत पोटाशी धरून बसतात. वर्षानुवर्षे भाजत राहिलेल्या त्या जागी त्वचेचा कर्करोग होतो, हे एकोणिसाव्या शतकातच डॉक्टरांच्या लक्षात आले. आंध्रच्या किनाऱ्यावरील काही स्त्रिया चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात धरून ओढतात. त्यांना कर्करोग होतो तो टाळूचा.

महाराष्ट्रातील चाल कोणती? तिचा शोध घेणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. मुंबईस परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहरबाई यांचे निधन रक्ताच्या कर्करोगाने झाले होते. दोराबजींच्या नावाच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय उभे राहिले. तेथे विकृतिशास्त्रज्ञ म्हणून काम करताना खानोलकरांनी रोग्याच्या गाठीबरोबरच त्याच्या सवयींचीही बारकाईने चौकशी केली. तो काय खातो, काय चघळतो, वस्त्र कसे नेसतो, हे त्यांनी विचारले. कमरेशी वस्त्र घट्ट आवळून नेसण्याने तेथील त्वचेला होणारा एक विरळा कर्करोगही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवला. पण सर्वांत ठळकपणे पुढे आला तो तोंडाचा कर्करोग. तंबाखूची गुळणी ज्या गालात धरून ठेवावी, नेमका त्याच गालाच्या आत रोग उद्भवावा, याहून बोलका पुरावा कोणता हवा?

चुन्याबरोबर मळलेली तंबाखू, पानातील तंबाखू, विडी, सिगारेट आणि भाजलेल्या तंबाखूची मिश्री, ही सर्व एकाच कुळातील आहेत. मिश्रीने दात स्वच्छ होतात, अशा समजुतीने खेड्यापाड्यांतील असंख्य स्त्रिया ती दिवसातून अनेकदा हिरड्यांना लावतात. तिला व्यसन म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. सुपारीचे तर याहून नवल. ती मंगलकार्यात पूजेला मांडली जाते, म्हणून ती निरुपद्रवी असावी, असे वाटते. परंतु तंबाखू न घातलेली नुसती सुपारीही कर्करोग निर्माण करते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सुपारी सतत चघळणाऱ्याच्या गालाची आतील त्वचा चिवट व ताठ होते आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडू लागते. निरोगी माणसाच्या तोंडात त्याची स्वतःची तीन बोटे उभी सहज मावतात. दोनच मावू लागली, तर ती धोक्याची सूचना समजावी. शाळेच्या वाटेवर रंगीत पुड्यांतून मिळणारी गोड सुगंधी सुपारी ही त्याच वाटेवरील पहिली पायरी आहे. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखूचे पदार्थ विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. असे असूनही या पुड्या सापडतात, हे खेदाने नमूद करावे लागते.

काही कर्करोग विषाणूंमुळेही होतात आणि त्यांवर आता लसी निघाल्या आहेत. यकृताला सूज आणणाऱ्या 'ब' विषाणूची लस बालकांना देतात. स्त्रियांच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणारा विषाणू हाराल्ड झुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाने ओळखला. त्यासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. त्या विषाणूवरील लस नऊ ते चौदा वर्षांच्या वयात घेतल्यास फार गुणकारी ठरते, आणि २०२३ पासून पुण्यात तयार झालेली लसही उपलब्ध झाली आहे.

ज्याला रोग टाळता आला नाही, त्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे वेळ. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत, लोकांना एकत्र बसवीत, रोगाची लक्षणे समजावून सांगत आणि ज्यांच्याविषयी संशय वाटे त्यांना रुग्णालयात येण्यास राजी करीत. त्यांच्याजवळ कोणतेही मोठे यंत्र नव्हते. तरीही काही वर्षांतच असे दिसून आले, की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत उपचारास येऊ लागल्या आहेत. मुंबईतही असाच एक प्रयोग १९९८ पासून झाला. दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रियांना चार आठवड्यांचे शिक्षण देऊन झोपडवस्त्यांत तपासणीचे काम सोपवण्यात आले. सौम्य व्हिनेगर लावल्यावर रोगट होऊ पाहणारा भाग पांढरा दिसू लागतो. व्हिनेगर म्हणजे स्वयंपाकघरातला शिरकाच! सुमारे दीड लाख स्त्रियांचा या अभ्यासात समावेश होता. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी अशी तपासणी झाली. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाले, तेव्हा तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले.

घरच्या घरी लक्ष ठेवावे अशी लक्षणे थोडी व सोपी आहेत. दोन-तीन आठवड्यांत बरा न होणारा तोंडातील व्रण, गालात किंवा जिभेवर उठलेला पांढरा वा लाल चट्टा, अंगावर कोठेही आलेली व वाढत जाणारी गाठ, कारण नसताना होणारा रक्तस्राव, दीर्घकाळ बसलेला आवाज, गिळताना होणारा त्रास, अकारण घटणारे वजन. यांतील एखादे लक्षण दिसले म्हणजे कर्करोग झालाच, असे नव्हे. बहुधा तो नसतोच. पण तो नाही, हे डॉक्टरने सांगावे, शेजाऱ्याने नव्हे. आरंभीच्या गाठी बहुधा दुखत नाहीत, आणि 'दुखत नाही ना, मग राहू दे' या एका वाक्याने फार घात केला आहे.

संशय आल्यास डॉक्टर त्या भागाचा लहानसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. तुकडा काढल्याने रोग भडकतो, ही भीती निराधार आहे. उपचाराचे मार्ग मुख्यतः तीन. शस्त्रक्रियेने गाठ भोवतालच्या थोड्या निरोगी भागासह काढून टाकतात. सुश्रुतसंहितेतील इशारा येथे पाळला जातो. क्ष-किरणांचा शोध १८९५ मध्ये व रेडियमचा १८९८ मध्ये लागला. त्यांतून किरणोपचाराची विद्या जन्मास आली. तिसरा मार्ग औषधांचा. एकाच वेळी अनेक औषधे ठरावीक क्रमाने देण्याची युक्ती सापडल्यापासून बालकांच्या रक्ताच्या कर्करोगात विलक्षण पालट झाला. एके काळी ज्या मुलांची आशाच सोडावी लागे, त्यांतील बहुतेक मुले आता पूर्ण उपचार मिळाल्यास बरी होतात. रोग्याच्याच रक्तातील संरक्षक पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रू ओळखण्यास शिकवून पुन्हा शरीरात सोडण्याच्या भारतीय उपचारास २०२३ मध्ये मान्यता मिळाली. तो मुंबईतील भारतीय तंत्रविज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या सहकार्यातून सिद्ध झाला. तंत्रमंत्र आणि 'रामबाण' मुळ्यांच्या मागे लागून मात्र मोलाचे महिने वाया जातात.

उपचार दीर्घ असतात आणि ते एकट्या रोग्याचे नसतात. विदर्भातून, कोकणातून, दूरच्या बिहार-बंगालमधून आलेली कुटुंबे परळला महिनोन्‌महिने राहतात. दादर येथे गाडगे महाराजांच्या नावाने चालणारी धर्मशाळा अशा कितीकांचा आधार आहे. महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाच्या शासकीय योजनेतून उपचाराच्या खर्चास साहाय्य मिळते. रुग्णालयातील समाजसेवा विभागात त्याची चौकशी करावी. घरात कोणीतरी एकाने सर्व कागदपत्रे एका पिशवीत क्रमाने लावून ठेवावीत. तोंड सोलवटलेल्या रोग्याला तिखट भाकरीपेक्षा मऊ भात, ताकातली कण्हेरी, मऊ शिजवलेली खिचडी बरी वाटते. त्याला ताप आल्यास, विशेषतः औषधांचा हप्ता झाल्यानंतर, सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्याच्याशी खोटे बोलू नये. आणि 'धीर धर, धीर धर' असे सारखे म्हणण्यापेक्षा त्याच्याजवळ नुसते बसावे. ज्यांचा रोग बरा होण्यापलीकडे गेला आहे, त्यांच्याही वेदना आज औषधांनी पुष्कळ अंशी शमवता येतात, आणि त्या शमवणे हेही उपचाराचेच काम होय. शुश्रूषा करणाऱ्या आईला किंवा भावालाही झोप लागते, भूक लागते, रडू येते. एखाद्या शेजाऱ्याने दोन रात्री रुग्णाजवळ बसण्याचे काम आपणहून पत्करले, तर त्या घराला त्याहून मोठे साहाय्य नसते.

औषधांनी डोक्यावरचे केस गळतात. लहान मुलांना शाळेत परत येताना याचीच सर्वांत अधिक लाज वाटते. उपचार संपले की काही आठवड्यांत केस पुन्हा उगवू लागतात. कधी ते पूर्वीपेक्षा कुरळे येतात. पुढे काही वर्षे मुलाला ठरलेल्या तारखांना तपासणीसाठी जावे लागते. प्रथम दर काही महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. त्या दिवशी वर्गातील त्याची जागा रिकामी असते, आणि दुसऱ्या दिवशी तो येऊन कालचा अभ्यास विचारतो.