ऊन सोसलेली वाइन

वाशीच्या मसाला बाजारात मेथीदाण्यांचं पोतं उघडलं की कडवट-गोडसर वास नाकात भरतो. त्याचं मोठं श्रेय सोटोलोन नावाच्या एका लहानशा रेणूकडे जातं. हाच रेणू पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरच्या जुन्या वाइनमध्येही सापडतो. तिथे तो कुणी घालत नाही. उष्णता, हवा आणि सरणारी वर्षं त्याला घडवतात. या वाइनला उन्हाची सवय ज्या सागरी वाटांवर लागली, त्यांतली एक आपल्या मुंबई बंदरात येऊन संपायची.

मदेइरा हे अटलांटिक महासागरातलं ज्वालामुखीजन्य बेट. अठराव्या शतकात हिंदुस्थानकडे निघालेली ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथल्या फुंशाल बंदरात थांबून वाइनची पिंपं चढवत. पुढे अटलांटिकमध्ये विषुववृत्त ओलांडायचं, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालायचा, हिंदी महासागरात विषुववृत्त पुन्हा ओलांडायचं आणि मग उरण-करंजाचा किनारा उजवीकडे ठेवत मुंबईत शिरायचं. महिनोन्‌महिने ही पिंपं जहाजाच्या पोटात उकाडा सोसत. एवढ्या प्रवासात साधी वाइन नासलीच असती. मदेइरा मात्र अधिक खोल चवीची होऊन उतरायची. ते ध्यानात आल्यावर व्यापारी मुद्दाम पिंपं उष्ण कटिबंधात फिरवून परत नेऊ लागले आणि अशा प्रवासी वाइनला जादा भाव मिळू लागला.

ती टिकते कशामुळे? पहिलं कारण मद्यार्काचं. द्राक्षांपासूनच काढलेला तीव्र मद्यार्क मिसळून वाइनमधलं त्याचं प्रमाण १७ ते २० टक्क्यांपर्यंत नेतात. वाइनचं व्हिनेगर करणारे जिवाणू त्यात तग धरत नाहीत. दुसरं कारण आम्लाचं. बेटावरच्या ‘सर्सियाल’ या द्राक्षातून सर्वांत सुकी, म्हणजे सर्वांत कमी गोड मदेइरा बनते. हे द्राक्ष उशिरा पिकतं आणि पिकूनही चांगलंच आंबट राहतं. यीस्टने बहुतेक साखर संपवल्यावरच त्यात मद्यार्क घालतात, म्हणून गोडवा थोडाच उरतो.

आता जहाजाची गरज राहिलेली नाही. स्वस्त मदेइरा टाक्यांमध्ये ४५ ते ५० अंश सेल्सिअसवर किमान ३ महिने तापवली जाते. उत्तम वाइनची पिंपं मात्र गोदामांच्या माळ्यावर, छपराखालच्या उबेत वर्षानुवर्षं पडून असतात. ‘फ्रास्केइरा’ या सर्वोच्च प्रतीसाठी तर किमान २० वर्षं लाकडात काढावी लागतात.

खरी किमया त्या माळ्यावर चालते. लाकडाच्या छिद्रांतून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो आणि थोड्या मद्यार्काचं अ‍ॅसिटाल्डिहाइड होतं. त्याची एका कीटो-आम्लाशी गाठ पडली की सोटोलोन तयार होतो. साखरेच्या विघटनातूनही तो बनतो, त्यामुळे गोड मदेइरात तो जास्त आणि सुक्या मदेइरात कमी असतो. तरी सुकीत तो जाणवतो, कारण लिटरमागे काही मायक्रोग्रॅमही नाकाला पुरतात. अल्प प्रमाणात त्याचा वास करपलेल्या साखरेकडे किंवा मेपल सिरपकडे झुकतो, प्रमाण वाढलं की थेट मेथीकडे. न्यूयॉर्कमध्ये २००५पासून अधूनमधून शहरभर मेपल सिरपचा गूढ वास पसरायचा. २००९मध्ये त्याचा उगम शेजारच्या न्यू जर्सीतल्या, मेथीवर प्रक्रिया करणाऱ्या एका कारखान्यात सापडला!

माळ्यावरच्या त्या वर्षांत पिंपातलं पाणी उडत जातं आणि आम्ल अधिक दाट होतं. म्हणून जुनी सर्सियाल पहिल्या घोटाला जिभेच्या कडा झोंबवते. गोव्यात पोर्ट म्हणून मिळणाऱ्या गोड वाइनची सवय असलेल्याला ती कठोर वाटेल. पण गोडीच्या आवरणाखाली जे दडून राहतं ते इथे उघडं पडतं: भाजलेले अक्रोड, सुकलेली संत्र्याची साल, किंचित खारटपणा आणि गिळल्यानंतरही बराच वेळ रेंगाळणारी ती मेथी. काळाने वाइनचं काय केलं हे समजून घ्यायचं असेल, तर माझ्या मते सुक्या मदेइराइतकी प्रामाणिक वाइन दुसरी नाही.

चाखताना ग्लास लहान घ्यावा, बाटली १२-१४ अंशांपर्यंतच थंड करावी आणि आधी पुरेसा वेळ नुसता वास घ्यावा. दीर्घकाळ बाटलीबंद राहिलेली वाइन एखादा दिवस आधी उघडून ठेवली तर कोंदट वास निघून जातो.

न्हावा-शेवा बंदरात मे महिन्यात उतरणाऱ्या नाजूक वाइनला तापलेल्या कंटेनरचा धोका असतो, उघडलेली साधी बाटली तर काही दिवसांत बिघडते. मदेइराची उघडी बाटली नेरूळ-बेलापूरच्या उकाड्यातही कपाटात महिनोन्‌महिने चांगली राहते, कारण ऊन आणि हवा जे करू शकतात ते तिच्यात आधीच होऊन गेलेलं असतं. फक्त ती आडवी न ठेवता उभी ठेवावी. एवढं आम्ल आणि मद्यार्क सतत लागत राहिलं तर बूच कालांतराने झिजतं.