बुकिंग म्हणजे खरेदी नव्हे
विजेवरची महागडी मोटार घेणाऱ्यांनी आणि कुणाकडूनही आगाऊ पैसे घेणाऱ्यांनी वाचावे असे काही

विजेवर चालणारी आलिशान मोटार ही आता फक्त सिनेमावाल्यांची आणि उद्योगपतींची चीज राहिलेली नाही. बांधकाम, कापड, चामडे, आंबा-मासळीची निर्यात अशा धंद्यांत बरकत आलेली आपली मंडळीही हिरव्या नंबरप्लेटची गाडी दारात उभी करू लागली आहेत. रोजी हलाल असेल, जकात वेळेवर निघत असेल आणि कुणाचे देणे थकलेले नसेल, तर चांगल्या वाहनावर कोणी बोट ठेवावे असे आम्हांला वाटत नाही. आमचा मुद्दा निराळा आहे. सुताच्या भावात किलोमागे दोन रुपयांसाठी तासभर घासाघीस करणारा आपला व्यापारी 50-60 लाखांच्या गाडीचा बुकिंग फॉर्म मात्र न वाचता सही करून देतो. शोरूममधला थंडगार वारा आणि कॉफीचा पेला यांचा हा परिणाम असावा.

या बाबतीत टेस्ला कंपनीच्या गाडीची हकीकत सर्वांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. 31 मार्च 2016 रोजी या अमेरिकन कंपनीने मॉडेल 3 ही गाडी जाहीर केली. गाडी बाजारात नव्हती, पण 1000 डॉलर भरा आणि नंबर लावा, अशी योजना होती. पहिल्याच आठवड्यात 3 लाख 25 हजार लोकांनी नंबर लावला. हिशेब करा, म्हणजे साडेबत्तीस कोटी डॉलर बिनव्याजी कंपनीच्या हाती आले. पहिल्या काही गाड्या जुलै 2017 मध्ये दिल्या गेल्या. मूळ जाहिरात 35 हजार डॉलरच्या गाडीची होती. त्या किमतीची गाडी विक्रीस येण्यास फेब्रुवारी 2019 उजाडला, तोवर महागडे प्रकारच मिळत होते.

भारतातूनही अनेकांनी त्या वेळी 1000 डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे 66 हजार रुपये, भरले होते. त्यांना गाडी मिळालीच नाही. नऊ वर्षांनी, 2025 च्या मे महिन्यात, कंपनीने त्यांचे बुकिंग रद्द करून पैसे परत करीत असल्याचे कळविले. त्यानंतर 15 जुलै 2025 रोजी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात कंपनीची पहिली शोरूम उघडली, आणि तीही मॉडेल 3 साठी नव्हे. तेथे मॉडेल वाय ही गाडी 59 लाख 89 हजारांपासून पुढे विक्रीस आली. शांघायहून तयार गाडी आणायची म्हणजे आयात शुल्काचा बोजा मोठा असतो, म्हणून ही किंमत. नव्या ऑर्डरसाठी सुरुवातीला 22,220 रुपये भरायचे होते आणि ते परत मिळणार नव्हते. 2016 ची रक्कम परतीची होती, 2025 ची बिनपरतीची. दोन्हींना लोक 'बुकिंग'च म्हणतात, पण व्यवहाराच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या मानाने टेस्लाच्या ग्राहकांना निदान मुद्दल तरी परत मिळाले. कॅलिफोर्नियातील फिस्कर या कंपनीने 2023 पासून 'ओशन' नावाच्या विजेच्या गाड्या ग्राहकांना दिल्या आणि जून 2024 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. पूर्ण पैसे भरून गाडी घेतलेले लोक सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी वाऱ्यावर राहिले. तिकडचीच ल्युसिड ही कंपनी तगून राहिली, कारण तिच्यामागे सौदी सरकारचा गुंतवणूक निधी उभा आहे. जेद्दापासून जवळ किंग अब्दुल्ला इकॉनॉमिक सिटीत 2023 मध्ये तिने कारखानाही उघडला. म्हणजे पैसे देण्यापूर्वी गाडीच्या रंगाआधी कंपनीची पत पाहावी.

फॉर्मवरील बारीक अक्षरे

भिवंडीचे आमच्या परिचयाचे एक यंत्रमागधारक बंधू आहेत. मुलाच्या निकाहाला नवी गाडी हवी म्हणून त्यांनी एका शोरूममध्ये पाच लाख रुपये भरले. तारीख तोंडी ठरली होती. निकाह झाला, वलीमा झाला, गाडी दोन महिन्यांनी आली आणि किंमत सव्वा लाखाने वाढलेली निघाली. ते तावातावाने फॉर्म घेऊन आमच्याकडे आले. फॉर्ममध्ये लिहिले होते की गाडी ताब्यात देण्याच्या दिवशी जी किंमत असेल ती ग्राहकास मान्य राहील, आणि तारीख केवळ अंदाजाची आहे. खाली त्यांचीच सही होती.

हे कलम कमीअधिक फरकाने बहुतेक फॉर्मवर असते आणि खरी मेख तेथेच आहे. शरीअतनुसार सौदा पक्का होण्यास माल आणि किंमत दोन्ही निश्चित असावे लागतात. किंमत अधांतरी असेल तर ती विक्री झालीच नाही, तो फक्त वादा झाला. दिलेली रक्कम मग एक तर अमानत किंवा समोरच्याने वापरायला घेतलेले कर्ज ठरते. प्रत्यक्ष खरेदी होते ती ज्या दिवशी किंमत आणि चॅसिस नंबर घालून बिल फाटते त्या दिवशी. ही एक गोष्ट मनात पक्की बसली तर बाकीचे अनेक प्रश्न आपोआप सुटतात.

उदाहरणार्थ, नंबर विकण्याचा प्रश्न. परवाना-कोट्याच्या राज्यात बजाजच्या चेतक स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि लागलेला नंबर 'ऑन' घेऊन विकला जाई, हे आपल्यातील बुजुर्गांना आठवत असेल. (तीच चेतक 2020 साली विजेवरची होऊन परत आली, हा काळाचा विनोदच.) आजही एखाद्या गाडीला मागणी फार झाली की असे प्रकार होतात. जे आपल्या ताब्यात नाही ते विकू नये, ही प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत हकीम बिन हिजाम (रजि.) यांना दिलेली ताकीद हदीसमध्ये आली आहे. नंबर म्हणजे गाडी नव्हे. त्यावर नफा खाऊ नये.

सुताराचा मुआमला

ऑर्डर देऊन वस्तू बनवून घेणे शरीअतला मान्य नाही काय? आहे. हनफी फिकहमध्ये याला 'इस्तिस्ना' म्हणतात आणि त्याची जुनी उदाहरणे चामड्याचे मोजे, जोडे व भांडी बनवणाऱ्या कारागिरांची आहेत. म्हणजे मोटार कंपन्यांच्या कितीतरी शतके आधी आपल्या मोच्याने आणि तांबटाने हा प्रश्न उभा केला होता! इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या मते तयार वस्तू पाहिल्यावर ग्राहकाला ती नाकारता येते. त्यांचे शागिर्द इमाम अबू यूसुफ (रह.) यांच्याकडून आलेले एक मत असे की वस्तू ठरल्या वर्णनाप्रमाणे असेल तर ती घ्यावीच लागेल, एरवी कारागीर बुडेल. उस्मानी राज्याच्या 'मजल्ला' या कायदासंहितेने हे दुसरे मत उचलले. 1992 साली जेद्दा येथे इस्लामी फिकह अकादमीनेही असा करार दोन्ही पक्षांवर बंधनकारक मानला, मात्र वस्तूचे वर्णन आणि मुदत ठरलेली असावी ही अट घातली. कोकणातील आपले बहुतेक बांधव शाफई आहेत. त्यांच्या फिकहमध्ये ही सवलत नाही, 'सलम'च्या नियमाने पूर्ण किंमत आधी देऊन वर्णन आणि मुदत ठरवावी लागते. त्यांनी आपल्या आलिमांना विचारून पाऊल टाकावे.

गाडी न घेतल्यास इसाराची रक्कम जप्त करणे योग्य काय, यावरही मतभेद आहेत. तीन मजहब ते नाकारतात, हंबली परवानगी देतात. 1993 साली ब्रुनेई येथील बैठकीत फिकह अकादमीने, थांबण्याची मुदत ठरलेली असेल तर, ते जायज ठरविले. येथे आम्ही वाचकांना थोडे आपल्या गल्ल्याकडेही पाहण्यास सांगू. फर्निचरवाले, शिवणकाम करणारे, ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारे, दागिने घडवणारे आपण सर्व जण रोज आगाऊ रक्कम घेतो. किती जण पावतीवर तारीख लिहितात? लाकडाचा भाव वाढला म्हणून कपाटाची ठरलेली किंमत नंतर वाढवणारा सुतार आणि तो बारीक अक्षरांचा फॉर्म यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही. फरक असलाच तर एवढा की कंपनीने निदान आधी लिहून तरी ठेवले होते. मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरहच्या 282 व्या आयतीत आला आहे, तो शोरूमला जितका लागू तितकाच आपल्या दुकानाला.

पैसा कोठून, कर किती

गाडीसाठी बँकेचे कर्ज म्हणजे रिबा, हे सांगायला नको. देशातील बँकांत बिनव्याजी शाखा सुरू करण्याचा विचार रिझर्व्ह बँकेने 2017 साली सोडून दिला, त्यामुळे तो दरवाजा बंदच आहे. 'शून्य टक्के' योजनेच्या जाहिराती पाहून भुलू नये. रोख घेणाऱ्यास किती सूट आहे ते आधी विचारावे. कर्जवाल्याला ती सूट मिळत नसेल तर व्याज तेथेच दडलेले आहे. आणि रोख म्हणजे नोटा नव्हेत. 2 लाख रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांच्या रूपात स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे, तेव्हा प्रत्येक हप्ता बँकेतूनच द्यावा.

विजेच्या गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, पण व्यापाऱ्याच्या नावावर घेतली तरी साध्या प्रवासी मोटारीवर इनपुट क्रेडिट मिळत नाही. विक्रेता म्हणतो म्हणून हिशेबात धरू नये. 10 लाखांवरील गाडीवर 1 टक्का टीसीएस कापला जातो, तो मात्र विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो. राज्याच्या कराबाबत 2025 च्या अर्थसंकल्पात 30 लाखांवरील विजेच्या गाड्यांवर 6 टक्के कर सुचवला गेला आणि त्याच महिन्यात मागेही घेतला गेला. अशा हेलकाव्यांमुळे 'ऑन रोड' किमतीचा आकडा बुकिंगच्या दिवशी लेखी घ्यावा आणि कर वाढल्यास कोण सोसणार हेही लिहून घ्यावे.

जकातीबाबत अनेकांचा गोंधळ होतो. स्वतःच्या वापरातील गाडीवर जकात नाही, मग ती कितीही महाग असो. पण गाडीसाठी साठवलेल्या पैशावर चांद्र वर्ष पूर्ण झाले तर आहे. शोरूमकडे परतीच्या बोलीवर पडून असलेली रक्कम ही आपलीच येणे रक्कम. ती हिशेबातून परस्पर वगळू नये, आलिमांना विचारून घ्यावे.

घरी वीज कोठून घेणार हेही बुकिंगच्या आधी पाहावे. सुमारे 60 युनिटची बॅटरी साध्या 15 ॲम्पिअरच्या प्लगवर रिकामी ते पूर्ण भरायला वीस तास घेते. थ्री-फेजवर 11 किलोवॅटचा चार्जर असेल तर सहाएक तास. ज्यांच्या कारखान्यात थ्री-फेज आहे त्यांचे सोपे. मोहल्ल्यातील जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी आधी पार्किंग, मग सोसायटीची परवानगी, मग गाडी, असा क्रम ठेवावा.

ताबा घेण्याचा दिवस

आपल्याकडे जुम्याच्या दिवशी गाडी आणण्याची हौस असते. सकाळी शोरूममध्ये उशीर होतो, नमाजची वेळ जवळ येते, हार-पेढे-फोटो होतात आणि घाईत ताबा पावतीवर सही होते. आमचे म्हणणे असे की तपासणी आदल्या दिवशी भर उजेडात करावी आणि पूर्ण पैसे त्यानंतरच द्यावेत. बिलावरील चॅसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर अन् अक्षर जुळवून पाहावा. गाडी कोणत्या महिन्यात व साली बनली ते पाहावे. डिसेंबरची गाडी जानेवारीत गळ्यात मारण्याचे प्रकार जुने आहेत. टायरच्या बाजूवर चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. मीटरवर किती किलोमीटर झाले आहेत ते टिपून ठेवावे. चार्जिंगची केबल लावून गाडी खरोखर चार्ज घेते का, हे अर्धा तास थांबून पाहावे. इंजिन नसलेल्या गाडीत हीच मुख्य परीक्षा. पडद्यावरील ज्या सोयींचे पैसे वेगळे दिले त्या चालू आहेत का, की 'पुढे येतील' असे सांगितले जात आहे, हे विचारावे. जे आज नाही त्याचे पैसे आज देऊ नयेत.

बॅटरीची हमी अनेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात. त्या हमीच्या अटींचा कागद विमा, बिल आणि नोंदणीच्या कागदांसोबत हातात घ्यावा. नोंदणीशिवाय गाडी रस्त्यावर आणता येत नाही. खासगी गाडीला हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे आणि भाड्याच्या गाडीला हिरव्यावर पिवळी, हेही पाहून घ्यावे.

दोष आढळला तर ताबा पावतीवर तो लिहूनच सही करावी, किंवा सही न करता परत यावे. पावतीवर 'गाडी सुस्थितीत मिळाली' असे लिहून दिल्यानंतर ओरखड्यासाठी भांडणे फार कठीण. प्रकरण ग्राहक आयोगापर्यंत गेलेच, तर 2021 च्या अखेरच्या नियमांनुसार 50 लाखांपर्यंत किंमत मोजलेली असेल तेव्हा जिल्हा आयोग आणि त्यावर 2 कोटींपर्यंत राज्य आयोग असा हिशेब आहे. गाडी पेढीच्या नावावर असल्यास समोरचा पक्ष 'हे ग्राहकच नव्हेत, धंद्यासाठी घेतली' असा वाद घालू शकतो. म्हणून कोणाच्या नावावर घ्यायची हे बिल फाटण्याआधीच आपल्या सीएशी बोलून ठरवावे.