लेकरे, बॅगा आणि लांबचे विमान

- इन्फंट : 2 वर्षांखालील मूल. मांडीवर बसते, तरी तिकीट लागते. चाइल्ड : 2 ते 11 वर्षे. स्वतंत्र आसन बंधनकारक. प्रवासादरम्यान 2 वर्षे पूर्ण झाल्यास परतीसाठी आसन घ्यावे लागते.
- पासपोर्ट : तान्ह्या बाळालाही स्वतंत्र. भारतीय अल्पवयीनांसाठी मुदत सर्वसाधारणपणे 5 वर्षे किंवा वयाच्या 18व्या वर्षापर्यंत, यांपैकी जे आधी येईल ते.
- बॅसिनेट : भिंतीला अडकवायचा पाळणा. फक्त ठरावीक रांगांत. वजनमर्यादा कंपनीनुसार. टेकऑफ-लँडिंगला बाळ मोठ्यांजवळच.
- चेक-इन सामान : ‘पीस’ पद्धतीत बॅगांची संख्या ठरलेली, इकॉनॉमीत बहुधा प्रत्येकी 23 किलो. ‘वेट’ पद्धतीत एकूण वजन मोजतात. 32 किलोंहून जड बॅग सहसा घेत नाहीत.
- केबिन बॅग : द्रवपदार्थ सर्वसाधारणपणे 100 मिलिलिटरच्या बाटल्यांत. बाळाचे दूध, खाणे आणि औषधांना प्रवासापुरती सवलत. पॉवर बँक केबिनमध्येच.
- सुके खोबरे : आपोआप तापू शकते, म्हणून धोकादायक मालात गणना.
- तक्रार : 1999च्या माँट्रियल करारानुसार लेखी. चेक-इन बॅग मोडल्यास ती मिळाल्यापासून 7 दिवसांत, उशिरा मिळाल्यास 21 दिवसांत.